सुट्टं अक्षर, जोडलेलं अक्षर आणि माळ्यावरची पेटी

पत्र :

बाई, नमस्कार. मी साताऱ्याहून लिहिते आहे. माझी मुलगी तिसरीत आहे, सेमी इंग्रजीत. दुसरीपर्यंत ती इंग्रजी अक्षरं सुट्टी काढायची. यंदा शाळेने ठरवलं की इंग्रजीतलं सगळं लिखाण कर्सिव्हमध्येच, म्हणजे अक्षरं एकमेकांना जोडून, हवं, गणिताची आणि विज्ञानाची वहीसुद्धा. शिवाय रोज चार रेघी वहीची दोन पानं घरून लिहून आणायची. ती खोडत राहते, पान फाटतं, मग रडते. माझे यजमान पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहेत. ते म्हणतात, फिनलंडने हाताने लिहिणं बंदच केलं, आपण पोरीला कशाला छळतोय, तिला टायपिंग शिकवा. सासऱ्यांचं अक्षर मोत्यासारखं. ते म्हणतात, नॉर्वेमध्ये सिद्ध झालंय की जोडून लिहिल्याने मेंदू वाढतो. त्यांच्या आजोबांचे मोडीतले कागद आमच्या माळ्यावर एका पेटीत आहेत. ते घरात कोणालाच वाचता येत नाहीत. 'तुमच्या नातवंडांना तुमचे कागद असेच दिसतील,' असं ते म्हणतात. पुढच्या महिन्यात पालक सभा आहे आणि कर्सिव्ह ठेवायचं की काढायचं यावर मत विचारणार आहेत. मी पालक-शिक्षक संघात आहे. काय बोलू? तिच्या वह्यांच्या दोन पानांचे फोटो पाठवते आहे. (ती डावखुरी आहे, त्याचा काही संबंध असेल तर.)

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण पालक सभेला अजून महिना आहे आणि तुमची लेक आज रात्रीही रडणार आहे.

इंग्रजी काय, मराठी काय, दोन्ही डावीकडून उजवीकडे जातात. उजव्या हाताचं मूल पेन्सिल ओढत नेतं. लिहिलेलं हाताच्या मागे राहतं, डोळ्यांना दिसतं. डावखुऱ्या मुलाला तीच पेन्सिल ढकलावी लागते. हात लिहिलेल्या अक्षरांवरून सरकतो, शिसं पुसटतं, तळव्याची कड काळी होते. सुट्टी अक्षरं काढताना प्रत्येक अक्षरानंतर हात उचलला जातो, तेवढा विसावा मिळतो आणि हात पुढे घेता येतो. कर्सिव्हमध्ये तो विसावा नाही. वर जाणारी प्रत्येक जोडरेघ डाव्या हाताला ढकलून काढावी लागते आणि पेन्सिलीचं टोक कागदात रुततं. त्यातून पुस्तीतली अक्षरं उजवीकडे कललेली असतात आणि तो कल उजव्या हाताला सोयीचा म्हणून ठरलेला आहे. तेव्हा तुमच्या घरी पान फाटतं ते नुसत्या खोडरबराने नाही.

आजच एक करून बघा. वही तिच्या समोर सरळ ठेवू नका. वहीचा माथा उजवीकडे झुकेल अशी तिरकी ठेवा आणि वही तिच्या शरीराच्या मध्यापेक्षा थोडी डावीकडे घ्या. पेन्सिल टोकापासून इंचभर वर धरू दे, म्हणजे बोटांखालून अक्षर दिसेल. हात ओळीच्या खाली राहतोय का ते पाहा. मनगट वळवून वरून लिहायची सवय लागली असेल तर रागावू नका, वही तिरकी झाली की ती सवय हळूहळू सुटते. एचबीऐवजी टूबीची मऊ पेन्सिल द्या, कमी जोर लागतो. आणि वर्गशिक्षिकेला सांगून तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर तिचं कोपर शेजारणीच्या कोपराला दिवसभर धडकत राहतं. अक्षर बिघडण्याचं हे कारण शिक्षकांच्याही चटकन लक्षात येत नाही. सासऱ्यांच्या पिढीत अशा मुलांना उजव्या हाताने लिहायला लावत. घरात कोणी तसं सुचवलं तर तेवढं मात्र ठामपणे थांबवा.

आता फोटो. पहिल्या पानावर कर्सिव्ह आहे. अक्षरं तीन वेगवेगळ्या दिशांना कललेली, लहान 'बी' आणि 'एफ' यांची वेटोळी चारही रेघा ओलांडून गेलेली, आणि 'आर' तर तीन वेळा खोडून पुन्हा काढलेला. कर्सिव्हचा 'आर' हा सुट्ट्या 'आर'सारखा दिसतच नाही, त्यामुळे मुलांना ते एक नवीनच अक्षर वाटतं. पण त्याच फोटोच्या कोपऱ्यात शेजारच्या पानाचा एक तुकडा आला आहे. तिथे तिने स्वतःसाठी काहीतरी लिहिलंय, मांजराच्या पिल्लांची नावं असावीत. ते अक्षर सुट्टं आहे, एकसारख्या उंचीचं, वेगात काढलेलं, आणि कुठेही खोडलेलं नाही. दोन ठिकाणी तर तिने आपणहून अक्षरं जोडली आहेत, तिला जिथे सोपं गेलं तिथे. ते चार शब्द शाळेला दाखवायला हवेत. या मुलीला लिहिता येतं.

दुसरं पान मराठीचं. त्याने मला जास्त काळजी वाटली. त्याकडे मी पुढे येते.

तुमच्या यजमानांना सांगा की फिनलंडने हाताने लिहिणं बंद केलेलं नाही. २०१६ च्या शरद ऋतूत तिथला नवा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यात जोडून लिहायला शिकवण्याची सक्ती गेली. सुट्ट्या अक्षरांत हाताने लिहिणं तिथली मुलं आजही शिकतात, सोबत कळफलकही शिकतात. बातमी आपल्यापर्यंत येईतो 'कर्सिव्ह'चं 'हस्ताक्षर' झालं. अमेरिकेत २०१० साली सामाईक शैक्षणिक निकष आले आणि चाळीसहून अधिक राज्यांनी ते स्वीकारले. त्यांत कळफलकाचा उल्लेख होता, कर्सिव्हचा नव्हता. तिथेही शाळांनी ते सोडून दिलं. पण पुढे एकेक राज्य मागे फिरलं. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०२४ पासून पहिली ते सहावीच्या मुलांना ते पुन्हा शिकवायचं ठरलं. म्हणजे 'जग पुढे गेलं, आपणच मागे' असं चित्र नाही. जग या बाबतीत अजून चाचपडतंय.

आणि सासऱ्यांना सांगा, पण जरा हळू, की नॉर्वेच्या अभ्यासात मेंदू वाढल्याचं कोणी म्हटलेलं नाही. ट्रॉनहाइमच्या विद्यापीठातल्या ऑड्रे व्हान डेर मीर आणि त्यांच्या सहकाऱ्याचा तो अभ्यास जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३६ विद्यार्थ्यांनी पडद्यावर दिसलेले शब्द एकदा डिजिटल पेनने जोडून लिहिले आणि एकदा टाइप केले, तेही एकाच बोटाने. लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला संवाद जास्त दिसला. हे निरीक्षण मोलाचं आहे. पण ते विद्यार्थी मोठे होते, लिहिल्याने त्यांना ते शब्द जास्त लक्षात राहिले का हे तिथे तपासलेलं नव्हतं, आणि जोडलेल्या अक्षराची तुलना सुट्ट्या अक्षराशी नव्हे, टाइपिंगशी होती. त्यावरून तिसरीतल्या पोरीने गणिताच्या वहीत अक्षरं जोडलीच पाहिजेत, असं काही निघत नाही.

लहान मुलांबद्दलचा एक अभ्यास मला स्वतःला फार उपयोगी पडला. इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना तीन प्रकारे अक्षरं दिली. काहींनी ती ठिपक्यांवरून गिरवली, काहींनी टाइप केली, काहींनी बघून मोकळ्या हाताने काढली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा वाचनात जे भाग काम करतात ते मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत जागे झाले, टाइप केलेल्या किंवा गिरवलेल्या अक्षरांच्या बाबतीत तसे नाही. त्याचं कारण असं सांगतात की मोकळ्या हाताने काढलेलं अक्षर दर वेळी वेगळं येतं, वाकडं येतं, आणि तरीही ते तेच अक्षर आहे हे मुलाला त्या वाकडेपणातूनच कळतं. ही अक्षरं सुट्टी होती, कर्सिव्ह नव्हती. हाताने लिहिण्याचा फायदा मिळवायला वेटोळी काढावी लागत नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला धूळपाटी आठवली. माझ्या आईने पाटावर पसरलेल्या धुळीत बोटाने अक्षरं काढली होती. ठिपके नाहीत, रेघा नाहीत, गुरुजी एकदा काढून दाखवणार आणि मग मूल काढणार, पुसणार, पुन्हा काढणार. आज दुकानात मिळणारी जवळजवळ प्रत्येक सुलेखनाची वही ठिपक्यांची असते. मूल ठिपक्यामागून ठिपका जोडत जातं, पान सुंदर दिसतं, पालक खूश होतात, आणि मुलाच्या मनात अक्षराचा आकार बसतच नाही.

मग शाळा कर्सिव्हचा एवढा आग्रह का धरते? बोरू आणि टाक यांच्या काळात त्याला कारण होतं. शाईत बुडवलेला टाक उचलला आणि पुन्हा टेकवला की ठिपका सांडायचा, म्हणून हात न उचलता लिहिणं शहाणपणाचं होतं. कारकुनाला दिवसभर नकला करायच्या असत, वेग लागत असे. बॉलपेनने ठिपक्याची भीती घालवली. पण तोवर जोडलेलं इंग्रजी अक्षर हे आपल्याकडे चांगल्या शाळेचं लक्षण होऊन बसलं होतं, आणि तो मान अजून उतरलेला नाही. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं त्याच मानापोटी मुलांकडून वेटोळी काढून घेतली.

वेगाबद्दलही एक समजूत आहे की जोडून लिहिलं की भरभर लिहून होतं. स्टीव्ह ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या चौथी ते नववीच्या मुलांचं लिखाण तपासलं, तेव्हा सगळ्यात वेगवान निघाली ती मिसळ पद्धत : काही अक्षरं जोडलेली, काही सुट्टी. सोयीचं तिथे जोडायचं, अडतं तिथे उचलायचं. तुमच्या लेकीने मांजरांच्या नावांत जे केलं, अगदी तेच.

कर्सिव्हच्या बाजूनेही बोलायला हवं. फ्रान्समध्ये मुलं पहिलीपासून जोडूनच लिहायला शिकतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. छापील अक्षरात 'बी' आणि 'डी' एकमेकांचे आरसे असतात, कर्सिव्हमध्ये त्यांची सुरुवातच वेगळ्या जागी होते, म्हणून त्यांत घोळ करणाऱ्या काही मुलांना कर्सिव्हचा आधार वाटतो. शब्दांमधली जागा आपोआप सुटते. काही मुलांना तर त्या वळणांची गोडी लागते आणि ती गोडी खरी असते. अशा मुलांपासून कर्सिव्ह काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. तुमची मुलगी दुसरीपर्यंत सुट्टी अक्षरं शिकली. ती आता कुठे हातात बसली, आणि तिसरीत सांगितलं की मोडा आणि नव्याने शिका. त्यात इंग्रजी ही तिच्या घरची भाषा नाही. विज्ञानाचं उत्तर लिहिताना तिला आधी अर्थ जुळवायचा, मग इंग्रजी शब्द शोधायचा, मग त्याचं स्पेलिंग, आणि या सगळ्यावर 'एफ'चं वेटोळं कुठून सुरू होतं ते. आठ वर्षांच्या मुलाचं लक्ष एवढ्या ठिकाणी पुरत नाही. मग ते काय सोडतं? अर्थ सोडतं. अक्षर काढत बसतं.

माझ्या वर्गात चौथीत एक मुलगा होता. बोलायचा छान, प्रश्न विचारायचा. त्याची अक्षरं जुळत नसत म्हणून मी त्याच्या बरोबर उत्तरांचे अर्धे-अर्धे गुण कापत गेले. शाळेचा नियम होता आणि मी तो पाळत होते. पहिल्या सत्रात तो चार ओळींची उत्तरं लिहायचा. दुसऱ्या सत्रात दोन ओळी. वर्षाच्या शेवटी एका शब्दात. जितकं कमी लिहू तितकं कमी कापलं जाईल, हे त्याने शोधून काढलं होतं. मला ते त्याच्या वह्या परत देताना, मे महिन्यात, एकापाठोपाठ एक पानं उलटताना दिसलं. तोवर तो शाळा बदलून गेला होता. नियम बदलायला हवा असं मी तेव्हा कोणालाच म्हटलं नाही, आणि ते मला आजही सलतं. तुमच्यासारखी विचारणारी आई त्या वर्षी सभेत असती तर मला बोलायचं बळ आलं असतं. म्हणून तुम्ही बोला असं मी सांगते.

सभेत काय बोलायचं? 'कर्सिव्ह काढून टाका' असं म्हणू नका. 'कर्सिव्ह वाचायला सगळ्यांना शिकवा, लिहायची सक्ती कोणाला करू नका' असं म्हणा. वाचायला शिकवणं हे फार मोठं काम नाही. चौथी-पाचवीत पंधरा-वीस तास पुरतात. फळ्यावर जोडलेलं अक्षर, बाजूला सुट्टं, जुनी पत्रं, पोस्टकार्डं, कोणाच्या तरी आजीची पाककृतीची वही. वाचता यावं म्हणून मुलं थोडं लिहूनही बघतील, ज्यांना आवडेल ती पुढे नेतील. पण गणित-विज्ञानाच्या वहीत अक्षर जोडलंय की नाही हे तपासू नये. अक्षर लागतंय का आणि उत्तर बरोबर आहे का, एवढंच बघावं. सभेत कोणी म्हणालं की सुट्टं अक्षर बाळबोध दिसतं, तर त्यांना सांगा की २०१६ साली देशातल्या डॉक्टरांना औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजीच्या मोठ्या, सुट्ट्या लिपीतच लिहायला सांगण्यात आलं. जिथे चुकीचं वाचलं तर जिवावर बेतू शकतं, तिथे सुट्टं अक्षर निवडलं गेलं.

टायपिंगबद्दल यजमानांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. शिकवायलाच हवं, पण मोठेपणी, सहावी-सातवीत, हात मोठा झाल्यावर, आणि मराठीसुद्धा. आज मुलं फोनवर मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरं दाबून, त्यामुळे ह्रस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे ठरवतो तो फोन. इनस्क्रिप्टच्या, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या प्रमाण कळफलकावर स्वर आणि व्यंजनं वेगळी दाबावी लागतात, म्हणजे 'की' लिहायचं तर दीर्घ वेलांटी तुम्हालाच निवडावी लागते. मला ही चांगली शिस्त वाटते. पण यामुळे हाताने लिहिणं मागे पडणार असेल तर घाई नको. दहावीच्या भाषेच्या पेपरला आजही तीन तासांत ८० गुणांची उत्तरपत्रिका हातानेच लिहायची असते. तुमच्या मुलीला तिथे पोहोचायला सात वर्षं आहेत, त्या वेळी काय असेल ते तेव्हा पाहू, पण आजच्या तिसरीच्या मुलाचा हात तयार न करणं हा मोठा जुगार आहे. महामारीच्या त्या दोन वर्षांत पडद्यासमोर बसलेली मुलं शाळेत परत आली तेव्हा अर्धं पान लिहून बोटं झटकायची, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता ते दुसरं पान. मराठीचं.

ताई, त्या पानावर 'भ' आणि 'म' एकच झाले आहेत. 'ध' आणि 'घ' यांचंही तेच. देवनागरीत या दोन जोड्यांमधला फरक माथ्यावरच्या रेघेने सांभाळला जातो. 'म' आणि 'घ' यांच्यावर रेघ सलग जाते, 'भ' आणि 'ध' यांच्यावर ती तुटते. तिने सगळ्या शब्दावर एकच रेघ सपाट ओढली आहे, त्यामुळे 'भात'चा 'मात' झालाय आणि 'धर'चं 'घर'. हे तिला कोणी दाखवलेलं दिसत नाही. काना अक्षराला चिकटलाय, वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर बसलीय. इंग्रजीच्या वळणांसाठी रोज दोन पानं आणि तिच्या स्वतःच्या भाषेच्या अक्षरासाठी आठवड्याला कदाचित अर्धं. या वेळापत्रकाबद्दल सभेत कोणीच विचारणार नाही. ते तुम्ही विचारा. २००९ साली राज्य शासनाने देवनागरी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवून दिलं, 'ल' आणि 'श' कसे काढायचे हेसुद्धा त्यात आलं. ते रूप वर्गाच्या भिंतीवर लावलेलं आहे का, एवढं बघून या.

मोठी माणसं मराठी भरभर लिहितात तेव्हा काय करतात ते आठवा. आपण माथ्याची रेघ सोडून देतो. शिक्षक शिकवत नाही, तरी हात आपोआप ते करतो. मराठीतली वेगाची लिपी प्रत्येक हात आपापली तयार करतो. 'ध' आणि 'भ' सांभाळले की पुरतं. तुमच्या मुलीचा हातही पुढे तेच करील. त्याआधी पूर्ण रूप तिच्या हातात पक्कं बसायला हवं.

घरी रोजची दोन पानं बंद करा. शाळेला चिठ्ठी द्या की ती अर्धं पान लिहील, आणि ते पंधरा मिनिटांत जेवढं होईल तेवढंच. खोडरबर त्या वेळात टेबलावर नको, चुकलं तर पुढे पुन्हा लिहू दे. एक दिवस इंग्रजी, दोन दिवस मराठी असं चालू दे. ठिपक्यांच्या वह्या आवरून ठेवा. परातीत रवा पसरा आणि 'भ', 'ध' बोटाने काढायला लावा, ती हसत काढील. बाकी वेळ तिला तिच्या मनाचं लिहू दे. पिल्लांची नावं, वाण्याची यादी, बाबांना चिठ्ठी. बाबा पुण्यात असतात, तेव्हा आठवड्यातून एक चिठ्ठी त्यांना पोस्टाने जायला हरकत नाही, आणि त्यांचं उत्तरही हाताने लिहिलेलं यायला हवं. त्यांना हे माझ्याकडून सांगा.

वही तिरकी करून, पेन्सिल बदलून दोन-तीन महिन्यांनीही तिला लिहिताना हात दुखतच असेल, अक्षरं उलटी येत असतील, वाचनही अडखळत असेल, तर मात्र अक्षराचा हट्ट सोडून तिला तज्ज्ञांकडे तपासून घ्या. अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे आणि प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक मिळतो. फोटो बघून मला तसं वाटत नाही, पण फोटोवरून सांगायची ही गोष्ट नव्हे.

राहिली माळ्यावरची पेटी. तुमच्या सासऱ्यांचं या एका बाबतीत अगदी खरं आहे, आणि ते त्यांना नीट सांगितलं पाहिजे.

मोडी ही आपली स्वतःची जोडून लिहायची लिपी. परंपरेने तिचं नाव यादवांच्या काळातल्या हेमाद्रीशी जोडलं जातं. कागदावर आधी आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं त्या रेघेला टांगत जायची. शब्दांत जागा नाही, ह्रस्व-दीर्घाचा फरक नाही, विरामचिन्हं नाहीत. पेशवाईचे हिशेब, जमिनीचे करार, सावकाराच्या वह्या, आजोबांनी मावशीला लिहिलेली पत्रं, सगळं त्यात. छापखान्याला ती अडचणीची होती, बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, सोयीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेतूनही गेली. नुसती लिहायची बंद झाली असती तर एवढं बिघडलं नसतं. ती वाचायचीही बंद झाली. पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी मोडी कागद आहेत, तंजावरच्या सरस्वती महालात आहेत, आणि गावोगावी तुमच्यासारख्या पेट्यांत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. लोकांचे दाखले, लोकांचे हक्क त्या कागदांवर होते आणि घरच्या माणसांना ते वाचता येत नव्हते. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागारही आज कर्सिव्ह वाचता येणाऱ्या स्वयंसेवकांकडून जुने कागद उतरवून घेतं आहे. म्हणूनच मी म्हणते, कर्सिव्ह वाचायला प्रत्येक मुलाला शिकवा.

तेव्हा पेटी खाली उतरवा. कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घड्या जबरदस्तीने उघडू नका. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. साताऱ्यातही मोडी जाणणारी माणसं मिळतील. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करता येते. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण संचातही, जागा मिळाली आहे, त्यामुळे यजमानांना संगणकावर मुळाक्षरांचा तक्ता उघडून बसायला निमित्त मिळेल. सासऱ्यांना सोबत घ्या. आजोबांचं नाव, गावाचं नाव, शेताचं नाव त्यांना माहीत आहे, आणि वाचनाची सुरुवात अशा ओळखीच्या शब्दांवरूनच होते.

लेकीलाही मांडीवर घेऊन बसा. बऱ्याच मोडी कागदांच्या माथ्यावर 'श्री' असतं. ते कुठे आहे ते तिला शोधू दे. त्यानंतरच्या ओळीत काय निघतं ते मला जरूर कळवा.